‘समाधानी असाल तर 1 दाबा’: हे टक्के नक्की निघतात कसे?

दुकानदार_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं किराणा दुकान आहे, सोळा वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटं टेकतं, बोलतं, त्यामुळे राजकारण रोजच कानावर पडतं. गेल्या आठवड्यात मात्र माझ्या काउंटरसमोर दोन जुनी गिऱ्हाइकं भांडली. एकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता आला होता, पंतप्रधानांच्या कामावर इतके टक्के लोक खूश, मुख्यमंत्र्यांच्या कामावर इतके. दुसऱ्याकडे दुसरा तक्ता, त्यातले आकडे बरोबर उलटे. दोघंही हेच म्हणत होते की हे मी नाही, सर्वेक्षण म्हणतंय. शेवटी एक जण काढून ठेवलेलं तेल आणि साखर तशीच टाकून निघून गेला. चार दिवस झाले, दुकानात पाऊल नाही. वीस वर्षांची दोस्ती त्यांची. मला त्याचं वाईट वाटतंय, म्हणून विचारतो.

दुसरी गोष्ट घरातली. 2024 ची दिवाळी होऊन गेली होती, विधानसभेचं मतदान तोंडावर होतं. वडिलांच्या मोबाइलवर फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज: राज्य सरकारच्या कामगिरीवर समाधानी असाल तर 1 दाबा, असमाधानी असाल तर 2 दाबा, सांगता येत नसेल तर 3 दाबा. वडील 76 वर्षांचे. त्यांनी पहिलं वाक्य संपायच्या आत 1 दाबला आणि फोन खिशात टाकला. मी विचारलं, दादा, काय दाबलं? म्हणाले, “एक. गॅसला पण एकच दाबतो की.”

त्याच दिवशी सकाळी ते आडतीवरून सोयाबीन घालून आले होते. त्या हंगामाचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल. त्यांच्या हातात 4,000 च्या आतबाहेर पडले. आडत्याने दिलेली विक्रीची पट्टी माझ्यापुढे ठेवून जेवण न करता झोपले होते. आणि कुठल्या तरी तक्त्यात हा माणूस ‘समाधानी’ म्हणून मोजला गेला.

तर माझं विचारणं असं. हे टक्के काढतात कसे? मी 43 वर्षांचा आहे, मला आजवर एकदाही कुणी का विचारलं नाही? आणि लोकसभेला राज्यात 48 पैकी 30 जागा आघाडीला, नंतर सहा महिन्यांत विधानसभेला 288 पैकी 230 जागा महायुतीला. सहा महिन्यांत माणसांची मनं एवढी फिरतात का? जाणकारांनी सांगावं.

गणित_पुणे

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यांच्याच मनात असतो. 2024 च्या विधानसभेला महाराष्ट्रात साधारण 9 कोटी 70 लाख मतदार होते. एका सर्वेक्षणात 1,000 लोकांना विचारलं तर तुमचा नंबर लागण्याची शक्यता 97,000 मध्ये एक. म्हणजे तुम्हाला न विचारणं हेच स्वाभाविक आहे, त्यात काही काळंबेरं नाही.

आता एवढ्याशा लोकांवरून राज्य कसं कळतं? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं दोन माणसांचं असो की लग्नाचं, चार शितं पुरतात. अट एकच, भात वरखाली झालेला हवा. 1,000 लोक खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असतील तर उत्तर साधारण 3 टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून कुणाची लोकप्रियता या महिन्यात 2 टक्क्यांनी ‘घसरली’ अशी बातमी असेल तर त्यावर भांडू नका. ती घसरण खरी आहे की नुसतं मोजण्यातलं हेलकावणं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

भात नीट ढवळलेला नसेल तर मात्र शितं कितीही वाढवून उपयोग नसतो. 1936 मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे होती, याचा विचार झाला नाही. शिवाय ज्यांना रूझवेल्ट यांचा राग होता त्यांनीच जास्त करून पत्रं परत पाठवली. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

सहा महिन्यांचं म्हणाल तर जागा आणि मतं वेगळी धरा. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही बाजूंच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, तरी जागा 30 आणि 17. विधानसभेला महायुती 50 टक्क्यांच्या जवळ गेली आणि समोरची बाजू बरीच खाली आली. मनं फिरली हे खरं, पण 17 वरून 230 या आकड्यांनी वाटतं तेवढी नाही. आपल्या मतदान पद्धतीत थोडी मतं सरकली की जागांचा डोंगर सरकतो.

सुमन_औसा

दादा, तुमच्या वडिलांची गोष्ट वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. ते ‘1 दाबणं’ मी माझ्या डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय, फक्त आमच्याकडे बटणाऐवजी पेन असायचं.

मी आता ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. त्याआधी एम.ए. ला असल्यापासून, 2009 ते 2019 या काळात, पाच-सहा सर्वेक्षणांसाठी लातूर, उस्मानाबाद, बीड या भागात घरोघर फिरले. गणितवाल्या सरांनी भात ढवळण्याचं सांगितलं ते अगदी बरोबर. पण मला पुढचं सांगायचंय. शीत बरोबर निवडलं तरी ते दाबून पाहणारी बोटं माणसाची असतात.

चांगलं काम असं चालायचं. मतदार यादीतून आधीच नावं काढून दिलेली असत, पहिलं नाव चिठ्ठीने, मग ठरावीक अंतराने. यादीत जी बाई आहे तिलाच भेटायचं. ती रानात गेली असेल तर रानात जायचं, किंवा संध्याकाळी परत यायचं. शेजारीण कितीही बोलकी असली तरी तिच्याऐवजी चालत नाही, कारण घरी सापडणारी आणि न सापडणारी माणसं एकसारखी नसतात. मजुरीला गेलेली, ऊसतोडीला गेलेली माणसं घरी सापडत नाहीत. मत कुणाला देणार हे तोंडी विचारायचं नाही. चिन्हं छापलेला कागद द्यायचा, आपण पाठ करायची, खूण करून त्यांनी तो घडी घालून पेटीत टाकायचा.

सरकारच्या कामाबद्दल मात्र तोंडी विचारायचं. पूर्ण समाधानी, काही प्रमाणात समाधानी, काही प्रमाणात असमाधानी, पूर्ण असमाधानी, आणि शेवटी ‘सांगता येत नाही’. हे शेवटचं वाचून दाखवायचं नाही, आपणहून कुणी म्हणालं तरच खूण करायची.

मार्च 2014. लोकसभेची निवडणूक तोंडावर, आणि त्याच दिवसांत आमच्याकडे गारपीट झालेली. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली होती, पडलेली कणसं काळी पडत होती. औसा तालुक्यातल्या एका गावात यादीतलं नाव एका म्हातारीचं निघालं. ओसरीवर बसून ती भिजलेली ज्वारी सुपात घेऊन काळे दाणे वेगळे करत होती. मुलगा दारात, चौकटीला हात लावून उभा, गळ्यात एका पक्षाचा गमछा. मी विचारलं, आजी, सरकारच्या कामावर समाधानी आहात का? तिने मुलाकडे पाहिलं. म्हणाली, “बरं हाय की.”

मी ‘काही प्रमाणात समाधानी’ वर खूण केली. तसंच शिकवलं होतं.

मग आणखी दहा-बारा प्रश्न. सगळ्यांना तेच, बरं हाय, चांगलं हाय, तुमाला म्हाईत. तेवढ्यात कुणीतरी लाइट आल्याचं ओरडलं आणि मुलगा मोटार चालू करायला रानाकडे पळाला. तो बोळाच्या टोकाला दिसेनासा झाला. आजीने सूप खाली ठेवलं. मला म्हणाली, “आता लिव्ह. तलाठी आलाच न्हाई. तीनदा निरोप धाडला. पंचनाम्याबिगर पैसं मिळत न्हाईत म्हणत्यात. कसलं सरकार आन् कसलं काय.”

मी मागचं पान उलटून पुन्हा विचारलं, आजी, मघाशी तुम्ही बरं म्हणालात. ती म्हणाली, “मग काय म्हणू बाई? बरंच म्हणत्यात की.”

मी पहिली खूण खोडली, बाजूला माझी सही केली आणि ‘पूर्ण असमाधानी’ वर खूण केली. आजही मला नक्की ठरवता येत नाही की तलाठी म्हणजे सरकार असं धरणं बरोबर होतं का. प्रश्न होता दिल्लीच्या सरकारबद्दल. तिच्या लेखी दिल्ली, मुंबई आणि तलाठ्याचा सज्जा हे सगळं एकच होतं. आणि त्या आठवड्यात तिच्या दारात सरकार म्हणून जो कुणी यायचा होता, तो आला नव्हता.

दादा, तुमच्या गिऱ्हाइकांच्या तक्त्यांत जो ‘समाधानी’ रकाना आहे, त्यात असं किती ‘बरं हाय’ आहे ते पाहायला हवं. आपल्या भाषेत ‘बरं’, ‘चाललंय’, ‘ठीकय’ हे समाधानाचे शब्द नाहीत. घरात मयत झालेल्या माणसालाही कसं काय विचारलं तर तो ‘चाललंय’ म्हणतो. परक्या माणसापुढे तक्रार मांडायची नसते, असं आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. तो शब्द आम्ही पेनाने ‘काही प्रमाणात समाधानी’ मध्ये घातला. नंतर वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवर ‘पूर्ण’ आणि ‘काही प्रमाणात’ हे दोन्ही एकत्र मिळवून एकच मोठा आकडा दाखवतात. माझ्या दहा वर्षांच्या फिरण्यातलं हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ते दोन रकाने वेगळे छापा, एवढंच माझं मागणं आहे. ‘पूर्ण समाधानी’ किती आणि ‘पूर्ण असमाधानी’ किती हे शेजारी शेजारी ठेवलं की वारं कळतं. मधले लोक म्हणजे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे ‘चाललंय’ म्हणणारे.

हे कुठल्या एका पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नाही. 2014 ला सत्तेत एक होते, 2019 ला दुसरे. ओसरीवरचं ‘बरं हाय’ दोन्ही वेळा सारखंच ऐकलं.

दुसरं, माणूस आणि सरकार वेगळं विचारलंय का ते बघा. 2004 ला वाजपेयी व्यक्ती म्हणून सोनिया गांधींपेक्षा जास्त लोकांना पंतप्रधानपदी हवे होते. तरी त्यांचं सरकार गेलं, भाजपच्या जागा 138 वर आल्या. नेता आवडणं, सरकारच्या कामावर खूश असणं आणि ‘या सरकारला आणखी एक संधी द्यावी का’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्ही वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. लोक तिन्हीला वेगवेगळी उत्तरं देतात आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

तिसरं, विचारलं कुणाला. जगभरच्या नेत्यांची क्रमवारी लावणारी जी अमेरिकन कंपनी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरते, ती ऑनलाइन विचारते. त्यांच्याच टिपेत स्पष्ट लिहिलेलं असतं की भारतातला नमुना, म्हणजे ज्यांना विचारलं ते लोक, साक्षर लोकांचा आहे. लपवलेलं नाही त्यांनी. पण तक्ता पुढे पाठवताना ती टीप कुणी पाठवत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता 65 टक्क्यांच्या आसपास होती. माझी ओसरीवरची आजी त्या तक्त्यात यायचा प्रश्नच नाही. तो आकडा खोटा नाही, पण तो ‘देशातले लोक’ म्हणून वाचू नये.

आणि फोनवर बटण दाबायला लावणारी सर्वेक्षणं. त्यात कुणी दाबलं, घरातल्या नातवाने दाबलं की आजोबांनी, हे विचारणाऱ्याला कधीच कळत नाही. आमच्यात निदान आजीचा चेहरा समोर होता.

एक सांगून टाकते, कारण लपवलं तर तुम्हाला अर्धंच चित्र मिळेल. एका कामात, कुणाचं ते लिहीत नाही, आठवडा संपत आला आणि निम्म्या प्रश्नावल्या कोऱ्या होत्या. सुपरवायझर म्हणाले, गावात कशाला जाताय, एसटी स्टँडवर बसा आणि भरा. यादीतलं नाव वर लिहायचं आणि उत्तर स्टँडवरच्या माणसाचं. आम्ही चौघं होतो. दोघं बसली स्टँडवर. मी आणि माझी मैत्रीण काम सोडून परत आलो, पंधरा दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. तेव्हा पैशांची फार गरज होती. ते सर्वेक्षण छापून आलं तेव्हा मी ते वाचलं, आणि त्यातला प्रत्येक टक्का मला स्टँडवरच्या बाकावर बसलेला दिसला.

म्हणून तक्ता आला की आधी हे बघा: कोणी केलं, पैसे कोणी दिले, किती लोकांना, समोर बसून की फोनवर, कोणत्या तारखांना, आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय. चांगल्या संस्था हे सगळं छापतात. ज्या तक्त्यावर यातलं काहीच नाही, तो तुमच्या काउंटरवरच्या दोस्तीच्या लायकीचा नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो, मूळ कोल्हापूरचा. इथे अध्यक्षांच्या कामावर किती टक्के लोक खूश, हा आकडा दर आठवड्याला कानावर येतो, म्हणून दोन ओळी. गॅलप यांच्या सर्वेक्षण संस्थेने हॅरी ट्रुमन यांच्या काळापासून दर अध्यक्षाबद्दल एकच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत विचारला: अध्यक्ष ज्या प्रकारे काम करत आहेत ते तुम्हाला मान्य आहे की नाही? शब्द बदलले नाहीत म्हणून वर्षानुवर्षांची तुलना करता येते. सुमनताई शब्दांबद्दल जे म्हणाल्या ते इथेही खरंच आहे.

आणि हा आकडा किती पटकन पालटतो ते बघा. थोरले बुश 1991 मध्ये, आखाती युद्ध जिंकल्यावर, 89 टक्क्यांवर होते. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात 29 वर आले आणि नोव्हेंबरात क्लिंटनकडून हरले. मधे अर्थव्यवस्था मंदावलेली. त्यांच्या मुलाचं उलट. 2001 च्या सप्टेंबरात हल्ल्याआधी 51 टक्के, हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत 90. त्या दिवसांत त्यांनी काही मोठं काम केलं म्हणून नव्हे. देश घाबरला होता आणि लोक जो समोर उभा होता त्याच्यामागे गेले. 90 पैकी किती लोकांना त्यांचं काम आवडलं आणि किती जणांना नुसता आधार हवा होता, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. दुसऱ्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात तेच 25 पर्यंत खाली आले होते.

गणित_पुणे

सुमनताई, तुमच्या स्टँडच्या गोष्टीबद्दल. आम्ही वर्गात 3 टक्के चूक शिकवतो ती फक्त निवडीतली, नशिबाने होणारी. खोटी भरलेली प्रश्नावली, मुलगा दारात असणं, ‘बरं हाय’ या शब्दाचा अर्थ, यांतलं काहीच त्या 3 टक्क्यांत बसत नाही. 1 जून 2024 ला बहुतेक वाहिन्यांचे एक्झिट पोल एनडीएला 350 च्या वर नेत होते, मिळाल्या 293. नमुने मोठे होते. या वर्षी मी वर्गात तुमच्या आजीची गोष्ट सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

दुकानदार_बार्शी

सगळ्यांचे आभार. काल रविवार, दुकान अर्धा दिवस. सुमनताईंनी सांगितलं तसं मी वडिलांसमोर बसलो, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि तीन प्रश्न वेगळे विचारले.

नेता कसा वाटतो? म्हणाले, चांगला माणूस, कष्टाळू आहे. (कुणाबद्दल ते लिहीत नाही, इथे भांडण नको.)

सरकारचं काम? म्हणाले, “आईला महिना पंधराशे येतात, ते बरं झालं.” माझ्या आत्याला ते आई म्हणतात, ती 62 ची आहे, लाडक्या बहिणीचे तिच्या खात्यात येतात.

सोयाबीनचं? यावर ते काहीच बोलले नाहीत. उठले, कपाटातून 2024 ची ती पट्टी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. घडी घालून घालून कागद मधे फाटलाय. दोन वजनं, हमाली, तोलाई, सगळं पेनाने लिहिलेलं.

मग मी विचारलं, सगळं धरून सरकार कसं? थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “चाललंय.”

ताई, आता तुम्ही खूण कुठे केली असती?

ता. क. ते गिऱ्हाईक आज सकाळी आलं. तेल-साखर मी बाजूलाच ठेवली होती. दोघांना हा धागा पाठवलाय.

सुमन_औसा

दादा, ते थांबले होते ते किती वेळ? आणि पट्टी तेव्हा त्यांच्या हातात होती की तुमच्या?

प्रश्नावलीत यासाठी रकाना नसतो. मी असते तर कडेला, कोऱ्या जागेत, पट्टीबद्दल लिहून ठेवलं असतं. पट्टी जपून ठेवा.